पीएस३ मधला लिनक्स आणि १० डॉलरचा चेक

२८ मार्च २०१० ला सोनीने प्लेस्टेशनच्या ब्लॉगवर एक छोटीशी पोस्ट टाकली. १ एप्रिलला पीएस३, म्हणजे प्लेस्टेशन ३ या गेम कन्सोलसाठी ३.२१ नंबरचं फर्मवेअर (मशीनच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) येतंय आणि त्यात 'इन्स्टॉल अदर ओएस', म्हणजे मशीनवर लिनक्ससारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घालायची सोय, बंद होणार. कारण काय, तर सुरक्षेची चिंता. बास, एवढंच. तारीख बघून बऱ्याच जणांना आधी एप्रिल फूल वाटलं असणार, पण नव्हतं.

अपडेट म्हटलं की आपण गृहीतच धरतो ना, काहीतरी नवीन मिळेल, एखादा बग जाईल, फार तर अर्धा तास डाउनलोडची पट्टी सरकताना बघत बसावं लागेल. या अपडेटमध्ये मिळायचं असं काहीच नव्हतं, फक्त जायचं होतं. आणि जाणारी गोष्ट बोनस म्हणून वरून दिलेली नव्हती, मशीन विकताना कंपनीनेच अभिमानाने सांगितलेली होती. कन्सोल कंपन्या गिऱ्हाइकाशी कशा वागतात यावर बोलताना लोक साधारण महागडे गेम आणि बिघडणारे कंट्रोलर यावर येतात, पण माझ्या मते या धंद्याचा खरा स्वभाव कळायचा असेल तर हे एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत बघावं, कारण यात वचन आहे, ते मोडणं आहे, मोडण्यामागे थोडंफार खरं कारणही आहे, आणि शेवटी कोर्टातून लोकांच्या हातात काय पडलं त्याचा अगदी पै-पैचा हिशोब आहे.

मुळात होतं काय

पीएस३ अमेरिकेत नोव्हेंबर २००६ मध्ये आला. २० जीबीवाला ४९९ डॉलर, ६० जीबीवाला ५९९. आपल्याकडे २००७ च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा किंमत ३९,९९० रुपये होती, म्हणजे त्या काळात एवढ्या पैशात बऱ्यापैकी सेकंडहँड बाईक यायची. त्यामुळे भारतात बहुतेक पोरं पीएस२ वरच होती आणि पीएस३ म्हणजे मॉलमधल्या शोरूममध्ये उभं राहून खेळायची वस्तू.

एवढी किंमत का, यावर सोनीचं उत्तर ठरलेलं होतं, हा नुसता गेमचा डबा नाहीये, हा कॉम्प्युटर आहे. प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी हे जाहीरपणे सांगत फिरायचे. आणि ते नुसतं बोलणं नव्हतं. सेटिंग्जमध्ये जाऊन फॉरमॅट युटिलिटी उघडली की मशीन विचारायचं, हार्ड डिस्कचे भाग कसे पाडू? १० जीबी दुसऱ्या ओएसला देऊ की १० जीबी पीएस३ ला ठेवून बाकीची सगळी त्याला देऊ? मधला पर्याय नाही. मग पेनड्राइव्हवर 'पीएस३' नावाचं फोल्डर, त्यात 'अदरओएस' नावाचं फोल्डर, त्यात बूटलोडरची (दुसरी सिस्टीम सुरू करून देणारी) फाईल, ती इन्स्टॉल करायची, डीफॉल्ट सिस्टीम बदलायची आणि रीस्टार्ट. टीव्हीवर प्लेस्टेशनच्या लहरींऐवजी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर वर जायला लागली की समजायचं, झालं, लिनक्स आला. कोलोरॅडोमधल्या टेरा सॉफ्ट नावाच्या छोट्या कंपनीचं येलो डॉग लिनक्स यासाठी सगळ्यात प्रसिद्ध होतं.

रोजच्या वापराला ते काही फार भारी नव्हतं हेही सांगतो, उगाच आठवणींना तूप लावत नाही. मेन मेमरी फक्त २५६ एमबी. ग्राफिक्स चिपला लिनक्सने हात लावायचा नाही, कारण खाली हायपरवायजर बसलेला. हायपरवायजर म्हणजे असं समजा की लिनक्स हा भाडेकरू, एक खोली आणि मोरी वापरायला दिलेली, बाकी सगळ्या किल्ल्या मालकाच्या कमरेला. ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की मशीनला धाप लागायची.

पण आकडेमोडीचं काम द्या, मग बघा. आत सोनी, तोशिबा आणि आयबीएमने मिळून बनवलेला सेल प्रोसेसर होता, ३.२ गिगाहर्ट्झचा, एक मुख्य कोर आणि त्याच्या हाताखाली आकडेमोड करणारे छोटे कोर, त्यातले ६ लिनक्सला वापरता यायचे. याच सेलच्या सुधारित आवृत्तीवर आयबीएमने बांधलेला रोडरनर हा सुपरकॉम्प्युटर २००८ मध्ये पेटाफ्लॉपचा (सेकंदाला हजार लाख कोटी गणितं) टप्पा ओलांडणारा पहिला ठरला. तसलं इंजिन पाच-सहाशे डॉलरच्या डब्यात मिळतंय म्हटल्यावर संशोधक सोडतील होय?

मॅसॅच्युसेट्समध्ये युमास डार्टमथ या विद्यापीठात तेव्हा गौरव खन्ना नावाचे प्राध्यापक होते (आता नावावरून कळलंच असेल मूळ कुठलं), त्यांना ब्लॅक होलच्या गुरुत्वीय लहरींचं गणित करायचं होतं आणि सुपरकॉम्प्युटरवर वेळ विकत घ्यायला पैसे लागतात, तर त्यांनी पीएस३ एकमेकांना जोडून २००७ मध्ये आपला स्वतःचा क्लस्टर उभा केला, पुढे तो १६ मशीनचा झाला, आणि यात गंमत अशी की त्यासाठी काही मशीन स्वतः सोनीनेच दिली होती. म्हणजे कंपनीला हा वापर माहीत होता, नुसता माहीत नाही, आवडत होता, पेपरात फोटो येत होते. अमेरिकन हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने तर १७०० च्या वर पीएस३ जोडून न्यूयॉर्क राज्यातल्या रोम नावाच्या गावी काँडर क्लस्टर बांधला. तो २०१० च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाला, म्हणजे सोय बंद झाल्यावर आठ महिन्यांनी, कारण मशीन आधीच घेऊन ठेवलेली होती आणि त्यावर ते अपडेट कोणी मारणार नव्हतं. पण त्यातलं एखादं बिघडलं तर? दुकानातून नवीन आणलं तर त्यात सोय नाही, दुरुस्तीला पाठवलं तर परत येताना नवीन फर्मवेअर घालून येणार. हवाई दलाची ही गत, मग घरी एक मशीन असलेल्याची काय कथा.

सोनीचं पोट का दुखलं

इथे थोडा वेळ कंपनीच्या बाजूने बसून बघू, कारण एकतर्फी शिव्या घालायला अक्कल लागत नाही.

कन्सोलचा धंदा हा प्रिंटर आणि शाईच्या धंद्यासारखा आहे. आयसप्लाय नावाच्या फर्मने २००६ मध्ये मशीन उघडून हिशोब मांडला होता, ६० जीबीचा पीएस३ बनवायला अंदाजे ८४० डॉलर लागतात आणि विकला जातो ५९९ ला. प्रत्येक डब्यामागे दोन-अडीचशे डॉलर खिशातून. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३२ अब्ज येनच्या वर तोटा झाला. हा तोटा भरून निघतो गेमवरच्या वाट्यातून, गिऱ्हाईक डबा नेतो आणि मग पुढची पाच-सात वर्षं गेम घेत राहतो. आता ज्याने शेकडो डबे नेले आणि एकही गेम घेतला नाही त्याने काय केलं? त्याने सोनीच्या पैशाने सुपरकॉम्प्युटर बांधला. सोनीने असं कधी तोंडाने म्हटलं नाही, पण हिशोब समोर आहे.

म्हणून ऑगस्ट २००९ मध्ये २९९ डॉलरचा बारीक पीएस३ स्लिम जाहीर झाला तेव्हा त्यात अदर ओएस नव्हतंच. यात मला काही गैर वाटत नाही. नवीन मॉडेल, नवीन किंमत, काय मिळणार नाही ते आधीच सांगितलंय, पटलं तर घ्या. जुन्या मशीनवाल्यांना धास्ती वाटली की आपलंही जाणार का, तर त्याच महिन्यात सोनीच्या लिनक्सचं काम बघणाऱ्या माणसाने डेव्हलपर्सना लिहून कळवलं की आधी विकलेल्या मॉडेलवर ही सोय पुढच्या फर्मवेअरमध्ये बंद केली जाणार नाही. हे नीट लक्षात ठेवा. ऑगस्ट २००९ ते मार्च २०१०, सात महिने टिकलं ते वचन.

मधे काय झालं, तर जॉर्ज हॉट्झ झाला. हाच तो पोरगा ज्याने १७ व्या वर्षी पहिल्या आयफोनचं लॉक काढलं होतं. जानेवारी २०१० मध्ये त्याने पीएस३ च्या हायपरवायजरला खिंडार पाडलं आणि पद्धत नेटवर टाकली. पद्धत अशी: मशीनवर लिनक्स चालू ठेवायचा, त्यातून हायपरवायजरला मेमरीचे तुकडे मागायचे आणि लगेच परत करायचे, आणि परत करण्याच्या नेमक्या क्षणी मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या तारेतून मेमरीच्या लाईनला एक अतिशय बारीक विजेचा धक्का द्यायचा. नॅनोसेकंदांचा खेळ. हायपरवायजरला वाटतं भाडेकरूने खोली सोडली, प्रत्यक्षात किल्ली अजून त्याच्याकडेच. साधलं तर अख्ख्या घराचा ताबा.

म्हणजे सोनीची भीती खोटी नव्हती, दरवाजा लिनक्सचाच होता. पण किती जण हे करणार होते? मशीन उघडून, बोर्डवर तार लावून, वेगळं सर्किट जोडून, पन्नास वेळा प्रयत्न करून. आणि एवढं करूनही त्यातून एकही गेम फुकट चालत नव्हता. एका पोराने एक खिडकी दाखवली म्हणून सोनीने लाखो घरांच्या खिडक्या विटांनी बुजवायच्या ठरवल्या. घरमालकांच्या खर्चाने.

'तुमची मर्जी'

या प्रकरणातली सगळ्यात बेरकी गोष्ट ही आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. सोनीने सक्ती केली नाही. पोस्टमध्ये स्पष्ट होतं की अपडेट करायचं की नाही ही तुमची मर्जी. आता मर्जीचे दोन बाजूचे अर्थ बघा.

अपडेट केलं तर लिनक्स गेला आणि त्या भागात ठेवलेला डेटाही गेला, म्हणून सोनीने प्रेमाने सुचवलं होतं की आधी बॅकअप घ्या, नंतर त्याला हात लावता येणार नाही. अपडेट नाही केलं तर प्लेस्टेशन नेटवर्कवर साईन-इन बंद, म्हणजे मित्रांबरोबर ऑनलाइन खेळणं बंद, चॅट बंद. ज्या नव्या गेमला ३.२१ किंवा पुढचं फर्मवेअर लागतं ते गेम बंद. ज्या ब्लू-रे डिस्कला ते लागतं त्या बंद. घरच्या मीडिया सर्व्हरवरचे कॉपीराइटवाले व्हिडिओ बंद. म्हणजे तुम्ही ५९९ डॉलर दोन गोष्टींसाठी दिले होते, खेळायला आणि कॉम्प्युटर म्हणून वापरायला, आता कंपनी म्हणते त्यातली एक ठेवा, कुठली ते तुम्ही सांगा, आम्ही काय जबरदस्ती करत नाही हां.

समजा तुम्ही बाल्कनीवाला फ्लॅट घेतलाय, बाल्कनीचे वेगळे पैसे पार्किंगसकट वसूल झालेत, आणि तीन वर्षांनी बिल्डर येतो, म्हणतो बाल्कनीतून चोर येऊ शकतो, मी ती पाडतोय, तुम्ही नाही म्हणू शकता, पण मग पाणी आणि लिफ्ट बंद. चोर तुमच्या घरात नाही शिरणार बरं का, बिल्डरच्या ऑफिसमध्ये शिरेल अशी त्याला भीती. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही त्यानेच खणलेल्या.

इथे सुरक्षा कोणाची हा प्रश्न पोस्टमध्ये फार सफाईने गाळलेला होता. वाचणाऱ्याला वाटावं आपल्या मशीनची, आपल्या पासवर्डची. प्रत्यक्षात हॉट्झच्या तारेने तुमच्या-माझ्या डेटाला काडीचाही धोका नव्हता, धोका होता तो सोनीच्या कुलपाला. स्वतःच्या कुलपाची किंमत गिऱ्हाइकाच्या खिशातून काढली, हा माझा मुख्य आक्षेप. सोनीने त्याच दिवशी म्हटलं असतं की आम्हाला हे बंद करावं लागतंय, ज्यांनी यासाठी मशीन घेतलं त्यांना अमुक डॉलर परत किंवा स्टोअरमध्ये क्रेडिट, तर हे प्रकरण महिन्याभरात विसरलं गेलं असतं. खरोखर लिनक्स वापरणारे होते किती? फारच थोडे. त्यांना खूश करायला जेवढा खर्च आला असता तेवढा नंतर नुसत्या वकिलांवर गेला असेल.

आमच्या घरी एक टीव्ही आहे, कंपनीचं नाव राहू दे, त्याने मागच्या वर्षी एका रात्रीत अपडेट घेतलं आणि आई ज्या ॲपवर भजनं लावायची ते ॲपच गायब. कस्टमर केअरवाला म्हणे मॅडम, ते आता या मॉडेलला सपोर्ट नाही. आईचा प्रश्न एकच होता, "अरे पण टीव्ही आपण विकत घेतलाय ना?" मला उत्तर देता आलं नाही आणि मी गुपचूप फोन ब्लूटूथ स्पीकरला जोडून दिला. तर असो.

कुलूप शेवटी कोणी तोडलं

अपडेट आल्यावर पाच महिन्यांत, ऑगस्ट २०१० मध्ये, बाजारात पीएस जेलब्रेक नावाचा यूएसबी डोंगल आला. तो लावला की कॉपी केलेले गेम हार्ड डिस्कवरून चालायचे. त्याला लिनक्स लागत नव्हता, अदर ओएस लागत नव्हतं, यूएसबी ओळखणाऱ्या कोडमधली चूक तो वापरत होता. म्हणजे ज्या पायरसीच्या भीतीने सोय काढली ती पायरसी भलत्याच दाराने आत आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

खरा दणका डिसेंबरमध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या संमेलनात बसला. फेलओव्हरफ्लो नावाच्या टीमने स्टेजवरून सोनीच्या डिजिटल सहीचं पितळ उघडं पाडलं, म्हणजे ज्या सहीवरून मशीन ठरवतं की हा प्रोग्राम सोनीने मान्य केलेला आहे की नाही. या सहीच्या पद्धतीत प्रत्येक वेळी नवीन रँडम आकडा घ्यावा लागतो, तोच पुन्हा वापरायचा नाही, हा अगदी मूलभूत नियम. सोनी दर वेळी तोच आकडा वापरत होती. आता दोन सह्या घेतल्या की दोन समीकरणं आणि अज्ञात फक्त दोन, दहावीच्या पुस्तकातली दोन चलांची समीकरणं सोडवायची तशीच सोडवायची (गणित जरा वेगळ्या जातीचं, पण कल्पना तीच) आणि गुप्त किल्ली हातात. अब्जावधी येनचं कुलूप, आणि किल्ली पायपुसण्याखाली.

पण त्या भाषणात मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. ते म्हणाले की पीएस३ इतकी वर्षं फुटला नाही याचं एक मोठं कारण हे की त्यावर लिनक्स अधिकृतपणे चालत होता. ज्यांना खरोखर हे जमतं त्या लोकांना सहसा फुकट गेम नको असतात, स्वतःचा प्रोग्राम स्वतःच्या मशीनवर चालवायचा असतो, आणि ते तर होतंच की, मग कशाला डोकं लावा. सोय काढली तेव्हा ते कामाला लागले. आता हे त्यांचं स्वतःबद्दलचं मत आहे, ते सगळं मान्य करा असं मी म्हणत नाही, पण तारखा बघा: नोव्हेंबर २००६ ते जानेवारी २०१० तीन वर्षांच्या वर फारसं काही नाही, आणि एप्रिल २०१० नंतर नऊ महिन्यांत सगळा किल्ला पडला.

पुढचं पटकन सांगतो. जानेवारी २०११ मध्ये हॉट्झने मूळ किल्ली आपल्या साइटवर टाकली, सोनीने लगेच कॅलिफोर्नियात खटला भरला, त्याच्या साइटवर कोण कोण येऊन गेलं ते आयपी ॲड्रेस मागायची परवानगीही कोर्टाकडून मिळवली, आणि एप्रिलमध्ये तडजोड जाहीर झाली, तो पुन्हा सोनीच्या वस्तूंना हात लावणार नाही. या खटल्यामुळे नेटवरचे लोक खवळले, अनॉनिमस नावाच्या निनावी हॅकरांच्या गटाने सोनीच्या साइट्सवर हल्ले केले. त्याच महिन्यात कोणीतरी प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये घुसलं आणि ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती गेली. घुसलेले कोण आणि त्यांचा या रागाशी संबंध होता की नाही हे काही सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे दोन्हीची गाठ मारू नका. पण गिऱ्हाइकाशी वागण्याचा मुद्दा इथेही आहेच: नेटवर्क २० एप्रिलला बंद केलं आणि तुमची वैयक्तिक माहिती गेलीय हे लोकांना सांगितलं २६ एप्रिलला. नेटवर्क २३ दिवस बंद होतं. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी याबद्दल २०१३ मध्ये अडीच लाख पौंड दंड केला. ज्या कंपनीने गिऱ्हाइकाची सोय सुरक्षेच्या नावाखाली काढली होती त्या कंपनीने गिऱ्हाइकाची माहिती कशी ठेवली होती, एवढं आपण नोंदवून पुढे जाऊ.

कोर्टातली आठ वर्षं

युरोपात एक मजेशीर गोष्ट झाली. तिथल्या ग्राहक कायद्यात विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे असली पाहिजे आणि जबाबदारी दुकानदाराची. एका ब्रिटिश गिऱ्हाइकाने सोनीच्या नादीच न लागता सरळ ॲमेझॉनला लिहिलं, तुम्ही मला जे विकलंत त्यातली एक सोय गेलीय, आणि ॲमेझॉनने किमतीच्या साधारण २० टक्के, ८४ पौंड, परत केले. मशीनही त्याच्याकडेच. कोर्ट नाही, वकील नाही, एक ईमेल. अपडेट आल्यावर काही दिवसांतच.

अमेरिकेत मात्र सामूहिक खटला. एप्रिल २०१० अखेर कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात पहिला दावा दाखल झाला, मग आणखी आले, सगळे एकत्र केले गेले. सोनीचा बचाव अपेक्षेप्रमाणे कराराच्या कागदावर उभा. मशीन चालू करताना तुम्ही ज्याला 'मान्य' म्हटलं त्यात लिहिलेलं आहे की अपडेटमुळे काही सोयी जाऊ शकतात, आणि नेटवर्क ही वेगळी सेवा आहे, ती कायम मिळेल असं आम्ही कधी म्हटलं? न्यायाधीश रिचर्ड सीबोर्ग यांनी २०११ मध्ये आधी बरेचसे मुद्दे आणि डिसेंबरात अख्खा दावा निकालात काढला. ग्राहकांची निराशा खरी आहे, समजण्यासारखी आहे, पण कायद्याने दाद मागण्यासारखं यात बसत नाही, असा एकूण सूर. निराशा समजते पण बसत नाही, म्हणजे तलाठी ऑफिसमध्ये ऐकतो तसलंच वाक्य, फक्त इंग्रजीतून.

अपील झालं. नवव्या सर्किट कोर्टाने (कॅलिफोर्नियाच्या वरचं फेडरल अपील कोर्ट) जानेवारी २०१४ मध्ये दाव्याचा काही भाग पुन्हा जिवंत केला: तुम्ही एक गोष्ट सांगून वस्तू विकलीत आणि नंतर ती काढलीत, तर ती फसवी जाहिरात ठरू शकते का हे तपासायला हवं. आता खटला खरोखर चालणार म्हटल्यावर तडजोडीची बोलणी सुरू झाली. जून २०१६ मध्ये पहिला मसुदा आला. लिनक्स वापरल्याचा पुरावा द्या, ५५ डॉलर घ्या. वापरला नाही पण ती सोय बघून मशीन घेतलं होतं असं म्हणणं असेल तर ९ डॉलर. वकिलांना २२ लाख ५० हजार डॉलर.

आता विचार करा, सहा वर्षांपूर्वी आपल्या मशीनवर लिनक्स होता याचा पुरावा कोणी ठेवतं का? ज्याने अपडेट केलं त्याचा तो भाग कधीच पुसला गेला, तोही सोनीच्याच अपडेटने. पुरावा मिटवला ज्याने, तोच पुरावा मागतोय. हे न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांच्याही नजरेत आलं, दावा करायची पद्धत फार जाचक आहे आणि वकिलांचा वाटा जास्त आहे अशा कारणांनी त्यांनी २०१७ च्या सुरुवातीला ती तडजोड फेटाळली. (पुढे एपिक विरुद्ध ॲपल हा गाजलेला खटला चालवला त्या याच.) हा या अख्ख्या गोष्टीतला एक क्षण आहे जिथे कोणीतरी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून कागद वाचला.

दुसरा मसुदा सोपा झाला. एकूण ३७ लाख ५० हजार डॉलरचा निधी, एका माणसाला जास्तीत जास्त ६५ डॉलर, वकिलांना एक तृतीयांशापर्यंत, उरलेलं दावेदारांत वाटायचं. जुना जाडा पीएस३ नोव्हेंबर २००६ ते एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत घेतलेल्यांसाठी, दाव्याची मुदत एप्रिल २०१८. असे मशीनमालक तिकडे १ कोटीपर्यंत होते. अर्थात ६५ हा आकडा फक्त कागदावर शोभून दिसायला. वकिलांचं, कारभाराचं वजा होऊन आणि दावेदारांची संख्या बघून शेवटी लोकांच्या पत्त्यावर जे चेक आले ते होते १० डॉलर ७ सेंटचे. २००६ मध्ये ज्याने ५९९ डॉलर मोजले होते त्याच्या तोंडाला पुसलेली पानं. तिकडच्या हिशोबाने दोन बर्गर येतील, कोल्ड्रिंकचे पैसे आपले.

आपल्याकडच्या पीएस३ वाल्यांना तेही नाही, कारण तो दावा अमेरिकेतल्या खरेदीपुरता. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' हे प्रकरण आलंय, गिऱ्हाइकावर एकतर्फी अन्याय करणारी अट राज्य आयोग रद्द करू शकतो, पण तो कायदा आला तोवर इथले जाडे पीएस३ माळ्यावर गेले होते.

आता सोनी यातून काय शिकली? सप्टेंबर २०११ मध्ये, म्हणजे हा खटला चालू असताना आणि नेटवर्कची ती घरफोडी ताजी असताना, प्लेस्टेशन नेटवर्कच्या अटी बदलल्या. नवीन कलम असं की सोनीविरुद्ध सामूहिक खटला करता येणार नाही, वाद असेल तर एकेकट्याने लवादापुढे जायचं. अटी मान्य केल्या नाहीत तर साईन-इन नाही. पुन्हा तेच, मर्जी तुमची. हे कलम नको असेल तर सोय ठेवली होती, ३० दिवसांच्या आत तसं लेखी कळवायचं. ईमेलने नाही, वेबसाइटवरच्या फॉर्मने नाही, कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये एखादं बटण नाही. कागदावर पत्र लिहायचं, नाव, पत्ता, आपला नेटवर्क आयडी घालायचा, पाकिटाला तिकीट लावायचं आणि सोनीच्या वकील विभागाच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवायचं.